खारेपाटाचा बांध व झोरा येथील सावड

दिवा स्टेशनाच्या आसपासची खाडीकांठची जमीन ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस खारेपाटाची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. १ मे १८५४ रोजीं ठाण्याहून कल्याणास आगगाडी सुरू झाली, ती याच भागांतून. येथील आगरी गांवांनीं भाताचीं शेतें केलीं, तीं बांध घालून भरतीच्या पाण्यापासून सोडवून घेतलेलीं होतीं. आज दिवा ठाणें महानगरपालिकेंत असून पुष्कळ शेतांवर घरें उभीं आहेत. तथापि ज्यांची जमीन अद्याप खाडीस लागून आहे, त्यांस या खारेपाटाचा धडा विसरून चालणार नाहीं.

खारींतील शेती एकट्याच्या हातची नव्हे. बाहेरच्या बांधांत खेंकड्यानें बीळ केलें व त्याकडे कोणीं पाहिलें नाहीं, म्हणजे एखाद्या उधाणांत खांड पडते. आणि मग ज्याच्या शेतासमोर ती पडली त्याचेंच नव्हे, तर साऱ्या खारीचें पीक जातें. एकदां खारें पाणी शिरलें, कीं पावसाचें गोडें पाणी शेतांत साठवावें, ओहोटीच्या वेळीं उघाडींतून सोडून द्यावें व पुन्हां साठवावें. असें वारंवार केल्यानेंच जमीन धुतली जाते. उन्हाळ्यांत ओलाव्याबरोबर खालचें मीठ वर चढतें, म्हणून कापणी होतांच नांगरट करणें हितावह. राता भातासारखें खारें सोसणारें बीं मोड आणून रहू पद्धतीनें फेकावें. परंतु बांधच पक्का नसेल, तर हे सर्व श्रम व्यर्थ होत.

शेजाऱ्यावांचून जमीन टिकत नाहीं, हा अनुभव परदेशांतील शेतकऱ्यांसही आला आहे. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत झोरा नांवाचा ग्रामीण तालुका आहे. स्कॉटलंडच्या सदरलंड परगण्यांत मेंढ्यांच्या कुरणांसाठीं जमीनदारांनीं कुळें काढून लावलीं. तेथील डोंगरी लोक १८२० पासून झोऱ्याच्या रानांत येऊन वसले. त्या प्रांतांत झाडें तोडणें, कोठार उभारणें अशा कामांस सारे शेजारी जमत. आपल्याकडील सावडीसारखीच ही चाल होय. शिवाय प्रत्येक जमीनधारकास वर्षांतून ठराविक दिवस सार्वजनिक रस्त्यावर राबावें लागे, व हे दिवस मालमत्तेच्या मानानें ठरत. ज्याचें अधिक, त्याचा वांटा अधिक. याच झोऱ्याच्या शेतकऱ्यांच्या पांच जणांच्या चमूनें १८९३ साली शिकागो येथें रस्सीखेंच जिंकली. एकाच वेळीं, एकाच दिशेनें ओढणें हाच त्या खेळाचा प्राण आहे. आणि बांधाचेंही रहस्य त्याहून निराळें नाहीं.

आपल्याकडे १९४८ च्या मुंबईच्या व पुढें १९७९ च्या महाराष्ट्राच्या खारजमीन कायद्यांमुळें मोठ्या बांधांच्या कामांत सरकारचा हात आला, हें चांगलें झालें. परंतु खेंकड्याचें बीळ कचेरींत बसून दिसत नाहीं. तें रोज बांधावरून जाणाऱ्यासच दिसतें. सरकार करील म्हणून आपण पाहणें सोडलें, तर कायदा खाडीस अडवूं शकणार नाहीं.

म्हणून आमची विनंती इतकीच, कीं प्रत्येक खारीच्या खातेदारांनीं मृगापूर्वीं एक बैठक भरवावी. ज्याची जमीन जितकी, तितके त्याचे कामाचे दिवस ठरवावेत. ज्यास राबणें शक्य नाहीं, त्यानें मजुरी द्यावी. उघाडीची राखण एकाकडे सोंपवावी, आणि प्रत्येक उधाणानंतर दोघांनीं बांध फिरून पाहावा. ज्यांनीं शेती सोडली, पण जमीन सोडली नाहीं, त्यांसही या हिशेबांतून वगळूं नये. कारण त्यांच्या वांट्याचा बांध शेवटीं उरलेल्यांच्या माथीं येतो, आणि तो न पेलला तर दोघांचीही जमीन खाडीस जाते.