ट्रॉली जोडताना नजर पुढच्या चाकांवर

पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार, आसपासच्या गावांतला कापूस आणि मका, बागेला पाण्याचा टँकर, घराला मुरूम. भोकरदन तालुक्यात ट्रॅक्टरमागे काही ना काही जोडलेलं असतंच. चार चाकी ट्रॉली आपला भार आपणच पेलते. दोन चाकी ट्रॉली मात्र त्यातला काही हिस्सा ट्रॅक्टरच्या हुकावर टाकते. हुकावर वजन बसलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग तर त्याच चाकांवर चालतं.

अमेरिकेत मोटारीमागे राहायचे ट्रेलर ओढतात. तिथे जोडाला स्प्रिंगच्या दांड्या बसवून मागे पडलेला भार पुन्हा पुढच्या चाकांकडे ढकलतात. आपल्या ट्रॅक्टरला अशा दांड्या नसतात. माल कुठे रचला, हूक किती उंचीवर आहे आणि पुढे वजनं लावलीत का, एवढ्यावरच सगळं निभवायचं असतं.

काय करावे

• भरताना ड्रायव्हरने ट्रॉलीपाशी उभं राहावं. चहाला जायचं ते भरून झाल्यावर. हमाल पोती रचतो ती त्याच्या सोयीने, हुकाचा हिशेब त्याच्या डोक्यात नसतो. जड माल तळाला आणि एक्सलच्या किंचित पुढे घ्या, हलका माल वर आणि मागे.

• थोडा भार हुकावर राहू द्या, पण थोडाच. समजा, हुकापासून ट्रॉलीच्या एक्सलपर्यंत 3 मीटर अंतर आहे. 1 टन माल 30 सेंटिमीटर पुढे सरकवला की हुकावर 100 किलो वाढतात. हूक ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलच्याही मागे असल्याने त्या 100 किलोंपायी पुढच्या चाकांवरचे साधारण 30 किलो उचलले जातात. म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या गोण्या कुठे ठेवल्या, यानेही फरक पडतो.

• वजनकाट्यावर एकदा नुसती पुढची चाकं तोला. भरलेली ट्रॉली जोडलेलीच ठेवा आणि काट्यावर फक्त पुढची चाकं चढवा. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान 20 टक्के भार पुढे हवा. ट्रॅक्टर 2,000 किलोचा असेल तर 400 किलो. काटेवाला हसेल, हसू द्या.

• आकडा कमी आला तर पुढच्या बंपरला वजनाच्या प्लेटा लावा. मागच्या टायरांत पाणी भरणं हा त्यावरचा उपाय नाही. त्याने पकड वाढते, पुढचा भार वाढत नाही.

• पिनला क्लिप लावा आणि साखळीही लावा. क्लिपच्या जागी वाकवलेला खिळा दिसला तर ती ट्रॉली जोडूच नका. खिळा झिजतो, सरळ होतो आणि खड्ड्यात पडून जातो.

• रस्त्याला लागण्याआधी दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक करा. शेतात वळायला एका बाजूचा ब्रेक कामाला येतो. रस्त्यावर भरल्या ट्रॉलीनिशी तोच ब्रेक ट्रॅक्टरला आडवा फिरवतो.

• उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. अजिंठ्याच्या डोंगरकडेच्या रस्त्यांवर हे विसरून चालत नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत असते.

• रिकामी करताना मागून सुरुवात करा. पुढची पोती आधी उतरवली तर ट्रॉली उलाळ होते. दांडी वर उसळते आणि मागे उभा असलेला माणूस फाळक्याखाली सापडतो. ट्रॉली सोडवायची असेल तर आधी चाकांना दगड, मग दांडीखाली पक्का टेकू, मागेही एक टेकू, आणि त्यानंतरच पिन.

काय टाळावे

• ट्रॉली टॉपलिंकच्या जागी अडकवू नका. या यादीतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ओढ खालच्या हुकावर असली की ट्रॅक्टर जमिनीला धरून राहतो. ओढ एक्सलच्या वर गेली की तीच ओढ त्याला मागे उलटवू बघते. चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना कोणीतरी साखळी वर बांधतो, क्लच झटक्यात सोडतो आणि पुढची चाकं आभाळाकडे जातात. ट्रॅक्टर पुरता उलटायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. तेवढ्यात क्लच दाबला जात नाही.

• पुढची चाकं उचलून दाखवण्याची हौस करू नका. व्हिडिओत ती मर्दुमकी वाटते. प्रत्यक्षात स्टिअरिंग हातात फिरत राहतं आणि ट्रॅक्टर आपल्या मर्जीने जातो.

• सगळा माल फाळक्याच्या मापाने भरू नका. 1 ब्रास वाळू 4 टनांच्या वर जाते. त्याच ट्रॉलीत दाबून भरलेला कापूस तिच्यापुढे काहीच नाही. कापसाचं आणि मिरचीच्या पोत्यांचं भय वेगळं असतं: वजन थोडं, पण ढीग उंच. वळणावर तो ढीग ट्रॉलीला कुशीवर पाडतो. जास्तीच्या वजनाबद्दल कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला 2,000.

• टँकर अर्धा भरून रस्त्यावर आणू नका. 2012-13च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवल्या गेल्या, तेव्हापासून ट्रॅक्टरमागचा टँकर इथे घरचाच झालाय. आत आडवे पडदे नसतील तर अर्ध्या टाकीतलं पाणी ब्रेक लावताच पुढे आदळतं, चढावर मागे साचतं. हुकावरचा भार क्षणाक्षणाला बदलतो आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ता नसतो. टाकी पूर्ण भरा, ट्रॅक्टरला ते वजन झेपत नसेल तर टाकीच लहान घ्या.

• हायड्रॉलिक ट्रॉली उतारावर किंवा भुसभुशीत जमिनीवर वर करू नका. माल मागे सरकताच दांडी हुकाला वर ओढते. ओला मुरूम तळाला चिकटून राहतो आणि मग एकदम सुटतो. तो हलावा म्हणून ट्रॅक्टर झटक्याने मागेपुढे करणं तर मुळीच नको.

• मालावर माणसं बसवू नका, दांडीवर तर नाहीच. ट्रॉली मालासाठी आहे. अपघात झाला की ट्रॉलीवर माणसं होती का, हाच प्रश्न विमा कंपनी आधी विचारते.

• रात्री मागे रिफ्लेक्टर नसताना निघू नका. भरलेल्या ट्रॉलीचे मागचे दिवे बहुधा तुटलेले किंवा कडब्याखाली झाकलेले असतात. लाल पट्ट्या फाळक्यावर आडव्या लावा, मालाच्या खाली जाणार नाहीत अशा.