सोलरच्या आधी वायरिंग

प्रश्न : कर्जत तालुक्यात माझं दहा खाटांचं रुग्णालय आहे. उन्हाळ्यात वीज जाते, पाणी टँकरचं. सोलर बसवायचं म्हणतोय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : डॉक्टर, आधी वायरिंग तपासून घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले, हे आपण विसरायला नको. जुन्या वायरिंगवर कूलर, एसी चढवत जाणं धोक्याचं.

मग सोलर. पण सगळं रुग्णालय त्यावर चालवायचा हट्ट नको, खर्च झेपणार नाही. लसींचा फ्रिज (२ ते ८ अंशांत राहिलाच पाहिजे), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि प्रसूतिगृहातले दिवे यांची लाइन वेगळी काढा आणि बॅटरी तेवढ्यापुरतीच घ्या.

पाण्याचं गणित तर सोपं आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छत २०० चौरस मीटर, पाऊस ५०० मिमी धरला, तर गळती वजा जाता ८० हजार लिटर! ते बोअरजवळ जिरवा. पहिल्या पावसाचं पाणी मात्र सोडून द्या. आणि उन्हाळ्यात खोल्या तापू नयेत म्हणून स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग मार्चआधी द्या.

इलेक्ट्रिशियन परवानाधारकच बोलवा आणि तपासणीचा अहवाल लेखी घ्या.