डॉक्टरांना दिसतं, ते आपल्याला का दिसत नाही?

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलाचे दात पुढे आहेत म्हणून तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाजूने फोटो काढला आणि 'खालचा जबडा मागे आहे' म्हणाले. घरात हे कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टर वाढवून सांगताहेत का?
– एक पालक, सांगली

उत्तर : वाढवून सांगत असतील असं वाटत नाही. तुम्ही मुलाशी समोरासमोर बोलता. त्याचे डोळे, हसू, बोलणं सगळं एकदम पाहता. डॉक्टरांची नजर मात्र बाजूच्या रेषेवर तयार झालेली असते. डोकं एका जागी धरून बाजूने एक्स-रे काढायची पद्धत 1931 मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफराथ यांनी मांडली. तेव्हापासून दात-जबडे सरळ करण्याच्या शास्त्रात चेहरा मिलिमीटर आणि अंशांत मोजतात. त्यातलंच एक प्रसिद्ध माप अमेरिकेतल्या रॉबर्ट रिकेट्स यांचं. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत रेष ओढायची आणि ओठ तिच्या किती मागे आहेत ते पाहायचं.

नजरेतला हा फरक तपासलाही गेला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कोकिच आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये हसतानाचे फोटो मुद्दाम बदलून दाखवले. वरच्या दातांची मधली रेष चार मिलिमीटर सरकल्यावर दंतरचनातज्ज्ञांना, म्हणजे तारा लावणाऱ्या डॉक्टरांना, ती खटकली. सामान्य माणसांना तेवढ्यानेही खटकली नाही.

पण तज्ज्ञाला दिसलं म्हणजे ते कुरूप, असं मी मुळीच मानत नाही. रिकेट्स यांची मापं प्रामुख्याने गोऱ्या अमेरिकी चेहऱ्यांवरून आली. आपल्याकडे अनेकांचे ओठ थोडे अधिक भरलेले, पुढे असतात आणि ते छानच दिसतात. त्या रेषेत बसवण्यासाठी आपला चेहरा बदलू नये.

तुमच्या मुलाच्या बाबतीत रूपापेक्षा वयाचा मुद्दा मोठा आहे. पुढे आलेले दात खेळताना पडल्यावर लवकर तुटतात. शिवाय वाढ चालू असेपर्यंत जबड्यांचा मेळ सुधारायला काढता-घालता येणाऱ्या साधनांची मदत होते. वाढ संपल्यावर तारा किंवा शस्त्रक्रिया एवढंच उरतं. म्हणून 'आत्ता काही केलं नाही तर काय होईल?' हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मुलाला स्वतःला काय वाटतं तेही विचारा, आणि पाहुण्यांसमोर त्याच्या हनुवटीची चर्चा अजिबात करू नका.