आरोग्य अभ्यास-पाठ : झाकलेलं दुखणं, बाईचं आणि पुरुषाचंही

॥ श्री गुरवे नमः ॥



आजचा पाठ पाठवायचा की नाही यावर आम्ही दोन गुरुवार विचार केला. आपले ग्रुप कुटुंबांचे आहेत. सासरे, सून, दीर, जावई सगळे एकाच ठिकाणी वाचतात. शेवटी आमच्यातल्या एक काकूच म्हणाल्या, "माझं नाव घालू नका, पण लिहा की ओ. माझं दीड वर्ष वाया गेलं." म्हणून लिहितोय.

*काकूंची गोष्ट*

काकू पूर्वी पारायणाला पहिल्या रांगेत बसायच्या. मग दाराशी बसायला लागल्या. नंतर आरतीपुरत्या यायच्या, आणि पुढे तेही बंद. "काकूंची भक्ती आता पहिल्यासारखी राहिली नाही," असं आम्हीच आपसात बोललो. हे इथे कबूल करतो, कारण चूक आमची होती.

खरं कारण वेगळंच होतं. खोकला आला, शिंक आली, जोरात हसू आलं की त्यांना थोडी लघवी व्हायची. सतरंजी खराब होईल, वास येईल, या धास्तीने त्या यायच्या बंद झाल्या. घरातही कुणाला सांगितलं नाही. त्याच घरात काकाही रात्री चार-चार वेळा लघवीला उठत होते, धार अडत होती, आणि तेही कुणाला सांगत नव्हते. दोघं एका खोलीत झोपणारी, दोघंही आपापलं दुखणं झाकून बसलेली.

*गडचिरोलीत काय दिसलं*

असं फक्त आपल्याच घरात होतं असं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला. एकेका बाईला सरासरी ३.६ आजार. आणि याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका किती? फक्त ८ टक्के.

यातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ४५ टक्के बायकांनी आपल्याला काहीच त्रास नाही असं सांगितलं होतं. म्हणजे "मला काही होत नाही" यावर विसंबून चालत नाही. अंगावर काढायची इतकी सवय झालेली असते की दुखणं हे दुखणं आहे हेच कळेनासं होतं.

*ओटीपोटाखालची झोळी*

आता नीट समजून घेऊया. आपल्या कमरेच्या हाडांच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. बाईच्या झोळीत लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि आतड्याचा शेवटचा भाग असतो. पुरुषालाही ही झोळी असते, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

बाळंतपणं, जुना खोकला, कायमचा बद्धकोष्ठ, जड घागरी-पोती उचलणं आणि वय, यांनी ही झोळी सैल होते. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, त्यानेही भर पडते. मग शिंकताना लघवी होते. जास्त सैल झाली तर 'अंग बाहेर येतं'. हे पाप नाही, भोग नाही. स्नायू सैल झालाय, एवढंच. आणि स्नायू व्यायामाने घट्ट होतो.

डॉ. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला. आपल्यापैकी ज्यांनी योगवर्गात मूलबंध शिकलाय त्यांना तो लगेच समजेल, कारण आवळायची जागा जवळपास तीच आहे.

कसा करायचा :
१. आधी लघवी करून या. पाठीवर पडून किंवा खुर्चीत बसून करा.
२. वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखून धरल्यासारखं आतून वर आवळा. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत. श्वास रोखायचा नाही.
३. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, पाच आकडे सैल सोडा. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं.
४. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा.
५. लघवी करताना मधेच धार रोखून रोज सराव करू नका. त्याने त्रास वाढू शकतो.

फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. आठ दिवसांत सोडून देऊ नका. दुखत असेल, अंग बाहेर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि पाणी पिणं कमी करू नका, त्याने लघवीची जळजळ वाढते.

*पाळी जाताना आणि गेल्यावर*

बारा महिने सलग पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्या काळात अंगातून वाफा येतात, झोप उडते, चिडचिड होते. योनीमार्ग कोरडा पडतो आणि नवरा-बायकोचा संबंध दुखरा होतो. बायका टाळायला लागतात, नवऱ्याला वाटतं हिचं मन उडालं. दोघंही गप्प. यावर औषध आहे, लावायचं मलम आहे. डॉक्टरांना विचारायला हवं इतकंच.

*एक गोष्ट मात्र कधीच अंगावर काढायची नाही.* पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत रक्त दिसलं, अगदी एक डाग जरी, तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. "पाळी परत आली" असं समजू नका. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भपिशवीच्या कॅन्सरची पहिली खूणही हीच असते. तसंच संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं किंवा खाजणारं पांढरं जाणं, हेही दाखवायचं. संसर्ग संबंधातून आलेला असेल तर औषध दोघांनाही घ्यावं लागतं. एकट्या बाईने घेऊन ते परत होतं.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल आपल्या मराठी मुलखातच मोठं काम झालंय. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, त्यात बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाचा मोठा वाटा होता. २००९ साली निष्कर्ष आला : एचपीव्हीची तपासणी एकदा केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. तेव्हा तिशीनंतरच्या लेकी-सुनांनी तपासणी करून घ्यावी. नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी लस आहे, तिची चौकशी आपल्या डॉक्टरांकडे करा.

*पिशवी काढायची घाई नको*

आपल्या भागातल्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला बीडकडच्या टोळ्या येतात. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली होती, हे २०१९ साली सरकारी समितीपुढे आलं. त्यांत तिशी-चाळिशीतल्याही होत्या. "मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?" असं आपल्याकडेही सर्रास म्हणतात. पण पिशवीबरोबर अंडाशय काढली तर संप्रेरकं एकदम थांबतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. कधी काढावीच लागते, तेव्हा जरूर काढा. पण दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

*आता बंधूंसाठी*

पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी असते. वयाबरोबर ती वाढते आणि लघवीची वाट आवळते. रात्री वारंवार उठणं, धार बारीक होणं, थेंब थेंब होणं, ही त्याची लक्षणं. बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. लघवीतून रक्त आलं किंवा लघवी अडलीच तर त्याच दिवशी दाखवा.

दुसरं, संबंधात कमजोरी येणं. याची लाज वाटते म्हणून पुरुष पोस्टरवरच्या पुड्या गुपचूप आणतात. पण ही कमजोरी पुष्कळदा साखरेची किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांची आगाऊ सूचना असते. पुडी घेऊन सूचना दाबली जाते, आजार तसाच राहतो. अशा पुड्यांत कधी कधी न सांगता जोरदार औषध मिसळलेलं सापडलंय. हृदयविकारात जिभेखाली ठेवायची गोळी घेणाऱ्यांना ते जिवावर बेतू शकतं.

आणि तरुण मुलांना सांगा : झोपेत वीर्य जाणं हे वयात येण्याचं लक्षण आहे, आजार नाही. 'धातू गेली, ताकद गेली' या भीतीनेच मुलं खंगतात.

*बोलायला सुरुवात*

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून हेच विषय मराठीत मांडले, आणि त्यापायी कोर्टकचेऱ्या सोसल्या. आपल्याला तेवढं सोसायचं नाही. घरातल्या एका माणसाशी बोलायचंय, एवढंच. देह नीट राहिला तर सेवा घडते, हे आपण रोज म्हणतो. मग कमरेखालचा देह त्यातून वगळून कसा चालेल?

या गुरुवारपर्यंत तीन गोष्टी करूया :
• नवरा-बायकोने एकमेकांना विचारा, "तुला काही त्रास आहे का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.
• वरचा व्यायाम दोघांनीही सुरू करा.
• कुणी केंद्रात यायचं बंद झालं असेल तर भक्तीवर बोलण्याआधी तब्येत विचारा.

काका आता रात्री एकदाच उठतात. काकूंना चार महिने व्यायाम करून पुष्कळ फरक आहे. अजून पूर्ण बरं नाही, पण धास्ती गेली. परवाच्या पारायणाला त्या आल्या. दाराशी नाही, मधल्या रांगेत बसल्या. कुणाला काही विचारायचं असेल तर ग्रुपवर नको, आमच्यापैकी कुठल्याही ताईला एकटीला गाठा. बंधूंसाठीही एक सेवेकरी काका तयार आहेत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥