खाऱ्या वाऱ्यातली यंत्रे : मिरकरवाड्याचे चार प्रश्न

रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर आणि आसपासच्या वाड्यांमधून आलेले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक उत्तरांत एक सूचना समान आहे : बंद पडलेली वस्तू आधी चालू करून बघायची घाई करू नका.

प्रश्न : जेटीवर मासळी उतरवताना मोबाईल समुद्रात पडला. लगेच काढला, तेव्हा चालू होता. घरी आणून तांदळाच्या डब्यात ठेवला, तर दोन दिवसांनी बंद पडला. पाणी सुकल्यावर फोन का बिघडावा? – मिरकरवाडा

उत्तर : पाणी सुकले, पण मीठ आतच राहिले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचे तांदूळ काहीही करू शकत नाही. उलट त्याची पूड चार्जिंगच्या भोकात अडकते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून पाझरू लागते. रत्नागिरीत पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. म्हणजे सुकलेला फोन आतून पुन्हा ओला होतो. त्यात बॅटरीची वीज खेळत असली की सर्किटवरच्या तांब्याच्या बारीक रेघा विरघळतात. दुरुस्तीवाला फोन उघडून जी हिरवट पूड दाखवतो, ती या तांब्याचीच.

फोन खाऱ्या पाण्यात पडला की तो चालू असला तरी ताबडतोब बंद करा. चार्जर लावू नका, केस ड्रायरची गरम हवा मारू नका. सिमचा ट्रे काढून ठेवा. फोन पाणीरोधक असेल तर नळाच्या संथ गोड्या पाण्याखाली बाहेरून धुऊन घ्या. पाणीरोधकतेची चाचणी गोड्या पाण्यात घेतात, त्यामुळे समुद्रासाठी त्या शिक्क्यावर विसंबू नये. साधा फोन असेल तर त्याच दिवशी दुकानात न्या आणि ‘खाऱ्या पाण्यात पडलाय, उघडून आयपीएने धुवा’ असे स्पष्ट सांगा. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्याऐवजी सॅनिटायझर वापरू देऊ नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. फोन पुन्हा चालू झाला, तर पहिले काम फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घेण्याचे.

प्रश्न : आजोबांनी जत्रेत घेतलेली पत्र्याची फटफट वाजणारी होडी सापडली आहे. मेणबत्ती लावली तरी हलत नाही. ती मुळात चालते कशी? – राजिवडा

उत्तर : या खेळण्याचे पेटंट थॉमस पिओ यांनी १८९१ साली ब्रिटनमध्ये घेतले. होडीच्या पोटात पत्र्याची चपटी टाकी असते आणि तिच्यातून निघालेल्या दोन नळ्या मागे पाण्याखाली उघडतात. ज्योतीने टाकीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतले पाणी मागे ढकलते. लगेच वाफ थंड होऊन आक्रसते आणि पाणी परत आत ओढले जाते. पाणी बाहेर पडते ते एका सरळ धारेत, आत येते ते मात्र चहूबाजूंनी. म्हणून ढकलणे ओढण्यापेक्षा भारी ठरते आणि होडी पुढे सरकते. टाकीचा पातळ पत्रा दर झटक्याला आत-बाहेर होतो, तोच तो आवाज.

तुमची होडी न हलण्याचे कारण बहुधा नळ्यांत आहे. ड्रॉपरने एका नळीतून गोडे पाणी सोडा, ते दुसरीतून बाहेर आले पाहिजे. येत नसेल तर आत गंज किंवा मिठाचा खडा अडकला आहे. कोमट पाणी भरून रात्रभर ठेवा आणि मऊ तारेने हळूच मोकळे करा. टाकी कोरडी असताना ज्योत कधीही लावू नका, डाखेचे सांधे वितळतील. खेळ संपल्यावर पाणी झटकून सावलीत वाळवा आणि पत्र्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. रंग घासू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ही होडी लहान मुलांच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका.

प्रश्न : २००१ च्या सुमाराचा संगणक पोटमाळ्यावर आहे. त्यात घरचे फोटो आहेत. चालू करून बघू का? – मांडवी

उत्तर : लगेच नको. आधी फोटो, मग संगणक. वायर काढा, डबा उघडा, धूळ मऊ ब्रशने झाडा. रुंद चपट्या पट्टीने जोडलेली हार्ड डिस्क बाहेर काढा. आयडीई ते यूएसबी जोडणी विकत मिळते, तिच्यासोबत वेगळा वीजपुरवठाही हवा. ती लावून आजच्या संगणकावर सगळे उतरवून घ्या. डिस्कमधून टकटक आवाज आला तर तिथेच थांबा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. प्रत्येक नव्या प्रयत्नाने नुकसान वाढते.

फोटो हाती आल्यावर यंत्राकडे वळा. मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांची, म्हणजे कपॅसिटरची, डोकी सपाट असली पाहिजेत. त्या काळातल्या अनेक बोर्डांवर ती फुगून फुटलेली आढळतात. रुपयाएवढी चपटी बॅटरी सीआर२०३२ क्रमांकाची असते, ती बदला. ती संपली की घड्याळ मागच्या तारखेवर जाते आणि तारीख चुकली की इंटरनेटवरची संकेतस्थळेही उघडत नाहीत. रॅमच्या सोनेरी कडा आयपीएने पुसा. पॉवर सप्लायचा बंद डबा आणि जुना काचेचा मॉनिटर मात्र स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही पहिल्यात तीनशे व्होल्टच्या वर आणि दुसऱ्यात हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

प्रश्न : आमच्या मच्छीमार संस्थेच्या जुन्या सभांची इतिवृत्ते संगणकात टाइप केलेली आहेत. आता उघडली तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फायली खराब झाल्या का? – मिरकरवाडा

उत्तर : फायली बहुतेक शाबूत आहेत, हरवला आहे तो फॉन्ट. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवत असे. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी यांवर महाराष्ट्रातल्या कितीतरी कचेऱ्यांचे काम चालले. तो फॉन्ट नव्या संगणकात नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात.

मजकुरावर कर्सर ठेवा आणि फॉन्टच्या चौकटीत नाव वाचा. डीव्हीने सुरू होणारे नाव बहुधा सी-डॅकचे, श्री-देवने सुरू होणारे श्री-लिपीचे. तो फॉन्ट मूळ संगणकात असेल, तिथून घ्या. मजकूर दिसू लागला की सर्वप्रथम पीडीएफ करून ठेवा. मग त्याच फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणा. पुढे प्रत्येक पान माणसाने वाचायलाच हवे. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात. आडनावे, होड्यांची नावे आणि रकमा पीडीएफशी ताडून पाहा.

काही फायली फ्लॉपीवर असतील तर यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळतो. पांढरी बुरशी दिसणारी फ्लॉपी मात्र त्यात घालू नका, ती वाचणारे हेड खराब करून पुढच्या फ्लॉपीही बिघडवते. पाने वाचून ताडण्याचे काम १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत काढा. तेव्हा जुने सभासद गावात असतात आणि चुकलेली नावे तेच ओळखू शकतात. तयार झालेल्या प्रती तीन ठेवा आणि त्यांतली एक बंदरापासून दूर, कोरड्या जागी.