लोडरला कोणता ट्रॅक्टर?

शेणखत अन् मुरूम भरायला आपल्याला लोडरचा ट्रॅक्टर हवा आहे. आपण दोन पाहिले. दोन्ही ४५ अश्वशक्तीचे. एक हलका अन् स्वस्त. त्याची मागची दोनच चाके ओढतात. दुसरा जड अन् महाग. त्याची चारही चाके ओढतात.

नुसती अश्वशक्ती पाहू नये. भरलेली बकेट उचलली की सारा भार पुढच्या चाकांवर येतो. मागची चाके हलकी होतात अन् घसरतात. म्हणून लोडरला जड ट्रॅक्टर बरा. त्यालाही मागे वजन लावावेच.

भरलेली बकेट उंच धरून उतारावर जाऊ नये. ट्रॅक्टर उलटला तर माणूस दगावतो.

काम रोजचे असेल तर जड ट्रॅक्टर घेऊ. वर्षातून चारच दिवसांचे असेल तर कर्ज कशाला? भाड्याने आणू.

प्रश्न : मागची चाके का घसरतात?