इमारतीची सामाईक भाषा

इमारत उभी करावयाची म्हणजे वास्तुशिल्पज्ञ, इंजिनियर, वीज व नळ यांचे जाणकार, कंत्राटदार इत्यादि अनेकांचे हात लागतात. सांप्रत हे सर्वजण संगणकावर काम करतात. परंतु प्रत्येकाचें सॉफ्टवेअर निराळें. एकाची फाइल दुसऱ्याकडे बहुधा उघडत नाहीं, आणि नुसता नकाशा पाठविला तर त्यांत रेघाच दिसतात. अमुक रेघ भिंतीची कीं पायरीची, हें माणसानें ताडावें व सर्व मापें पुन्हां भरावीं!

ही अडचण किरकोळ नव्हे. अमेरिकेंतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, तेथील मोठ्या इमारती व कारखाने यांच्या बाबतींत २००२ या एका वर्षीं यापायीं १५.८ अब्ज डॉलर वायां गेले, असा अंदाज आहे. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश भार बांधणारांवर नव्हे, तर मालकांवर व इमारत चालविणारांवर पडला.

यावर उपाय म्हणून १९९० नंतरच्या दशकांत ‘इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस’ म्हणजे आयएफसी ही सामाईक मांडणी निघाली. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाहीं; बिल्डिंगस्मार्ट ही संस्था तिची निगा राखते, व २०१३ सालीं तिला आयएसओ १६७३९ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

तिची खुबी एका साध्या दारावरून ध्यानांत येईल. येथें भिंत ही एक वस्तु, तिच्यांतील पोकळी ही दुसरी, व दार ही तिसरी. पोकळी अमुक भिंतींत आहे, आणि ती अमुक दारानें भरली आहे, हे संबंधहि लिहिलेले असतात. प्रत्येक वस्तूस २२ अक्षरांची स्वतंत्र खूण असते. दार आगीपुढें किती वेळ टिकेल, हेंहि त्यासोबत नोंदवितां येतें. मग कंत्राटदारास दारें मोजतां येतात, तपासनिसास आगीची तरतूद पाहतां येते, पुनर्लेखन नको. आयएफसीओपनशेल हें मोफत साधन अशा फाइली वाचतें; बीआयएमसर्व्हर त्या एका ठिकाणीं सांठवितें.

तथापि भाषांतरांत कांहीं गळतेंच. खिडकी सदैव भिंतीच्या मध्यावर राहावी, असा मूळ सॉफ्टवेअरमधील नियम सहसा पलीकडे पोंचत नाहीं. खिडकीची जागा तेवढी पोंचते. म्हणून पाहणें, तपासणें व मोजणें यांसाठीं आयएफसी उत्तम. आराखडा बदलावयाचा तर मूळ फाइलकडेच जावें, असें आम्हांस वाटतें. शिवाय काढणारानें भिंत काढून तिला ‘भिंत’ असें नांवच दिलें नाहीं, तर भिंती मोजणारें यंत्र तिला खुशाल वगळून पुढें जातें.